क्लच जड आहे

११ नोव्हेंबर, सोमवार

निरोप समारंभात ऑफिसने शाल, घड्याळ आणि ही डायरी दिली. शाल टोचते, घड्याळ मागे पडतं. डायरीत तारखा छापलेल्या नाहीत, म्हणजे कुणा दुकानदाराने पडून राहिलेला माल गळ्यात मारला. एकतीस वर्षं मी रेल्वेच्या तपासणी विभागात रबर तपासलं. ब्रेकच्या नळ्या, सील, वॉशर. ठेकेदार मला मागून काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. आता तपासायला इंदिरा नगरचं हे घर उरलंय आणि घरात बबन. तोंडावर 'अहो' म्हणावं लागतं, डायरीत बबन पुरे.

बबनचं नवीन खूळ असं की गॅरेजची खोली करायची. खाली बाथरूम काढायची, पलंग टाकायचा. "कुणासाठी?" विचारलं, तर म्हणे पाहुण्यांसाठी. अकोल्याहून इतक्या लांब, इकडे उत्तरेत, आमच्याकडे शेवटचा पाहुणा आला त्याला सहा वर्षं झाली. खरं कारण मला कळतं. माणसाला जिना चढायचा कंटाळा आहे. कठड्याला धरून असा चढतो की पाठीवर सिमेंटचं पोतं असावं. बासष्ट वय आहे, ब्याण्णव नाही.

पण गॅरेजमध्ये ती लाल बया उभी आहे. दोन सीटांची, कापडी छपराची, जमिनीला पोट लागेल इतकी बुटकी जपानी मोटार. दहा वर्षांपूर्वी छावणीतून बदली होऊन निघालेल्या एका कर्नलकडून बबनने घेतली. कारखान्यात मान खाली घालून नोकरी केलेल्या या माणसाने आयुष्यात एकदाच काही मागितलं, ते हे. साडेपाच वर्षं दर रविवारी पुसली, चालवली. २०२०च्या मार्चमध्ये एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "क्लच जड झालाय. बघू नंतर." उभी केली. मग लॉकडाऊन लागलं. लॉकडाऊन उठलं तरी याचं 'नंतर' काही उजाडलं नाही. त्यानंतर घेतलेली घरची गाडी ऑटोमॅटिक. गिअर टाकायचाही कंटाळा!

आता लाल बया विकायची. एअर फोर्समधला साताऱ्याचा एक मुलगा, फ्लाइट लेफ्टनंट सौरभ, घ्यायला तयार आहे. त्याची अट एकच, गाडी स्वतःच्या चाकांवर चालत दाखवा. मला वाटलं बबन अडून बसेल. तो म्हणाला, "देऊन टाक." एवढंच.

साडेचार वर्षांत याच्याने एक क्लच दुरुस्त झाला नाही. मी करून घेते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

गोमती नगरच्या एका चकचकीत गॅरेजमधून एक साहेब आले. हो, मेकॅनिक नव्हे, साहेब. पांढरे बूट, हातात टॅबलेट. गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी गाडीचा फोटो काढला, मग गाडीबरोबर स्वतःचा काढला. निदान पाच मिनिटांत तयार. पूर्ण क्लच बदला, गिअरबॉक्स उतरवा, सामान दुबईहून मागवा, तीन महिने लागतील.

मी विचारलं, "पेडल दबाकर देखा आपने?"

म्हणाले, "मैम, इतने साल खड़ी गाड़ी में यही होता है."

एखाद्या डॉक्टरने रोग्याची नाडी न बघता पाय कापायचा सल्ला द्यावा तसं. त्यांना चहासुद्धा दिला नाही.

बबन वरच्या गॅलरीतून बघत होता. खाली यायचं सोडून वरून बघतो. स्वतःची गाडी, स्वतःचा क्लच, आणि मालक बाल्कनीत बसलेला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दूधवाल्याने सांगितलेला इश्तियाक मिस्त्री आला. सत्तरीचा, दोन महिन्यांपूर्वी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, तोंडात पान. याची अदब ऐकून जीव गुदमरतो. नट उघडताना नटालासुद्धा 'आइए, आइए' म्हणतो. मला 'बहनजी', बबनला 'इंजीनियर साहब'. आल्या आल्या स्वतःचं स्टूल बबनला दिलं आणि स्वतः उकिडवा बसला. मला खुशामत कळते. ठेकेदार लोक मोठ्या साहेबांना अशाच खुर्च्या द्यायचे.

पण काम येतं त्याला, हे लिहायला हवं. नवी बॅटरी जोडली, टाकीतलं कुजलेलं पेट्रोल काढलं, आणि दुपारी इंजिन सुरू झालं. खोकत, धूर सोडत, पण झालं. मग त्याने क्लचचं पेडल हाताने दाबलं. ते तळाला गेलं आणि तिथेच राहिलं, वर आलं नाही. क्लचच्या तेलाची छोटी डबी उघडली. आत काळा काढा.

मग गाडीखाली सरकला आणि एक ओली पुंगळी काढून आणली. पेडल दाबलं की तेल हिच्यात येतं आणि ही क्लचचा दांडा ढकलते, असं त्याने मला समजावलं. मला! मी त्याच्या हातातून आतलं रबराचं सील घेतलं, चिमटीत दुमडलं. भेग पडली, कडा कडक झालेली.

"हार्ड हो गया है. ये प्रेशर नहीं पकड़ेगा. ऊपरवाले सिलिंडर का भी यही हाल होगा," मी म्हटलं.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. "बहनजी, आपने तो हमारी रोज़ी ले ली."

बबन हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

मग मिस्त्रीने त्याला विचारलं, "इंजीनियर साहब, जब खड़ी की थी, तब क्या शिकायत थी?"

"भारी था," बबन म्हणाला.

"पेडल भारी था, कि..." मिस्त्री थांबला, बबनच्या बुटांकडे बघितलं, आणि पुढचं पानाबरोबर गिळून टाकलं. वाक्य पुरं करायचाही याला आळस. शोभते जोडी.

मीही बघितलं बुटांकडे. डाव्या बुटाचा चवडा पार झिजलेला, उजवा नवा कोरा. सहा महिन्यांपूर्वी घेतलेले बूट. पाय घासत चालायची सवय, दुसरं काय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

लाटूश रोडवर मिस्त्रीला मापाची सील मिळाली, दुसऱ्याच कुठल्या गाडीची. मी स्वतः मोजून घेतली. पास.

तिथून आम्ही दोघं अमीनाबादला रजई घ्यायला गेलो. बबनला न्यायला नको होतं. रिक्षातून उतरताना अडखळला, दुकानाच्या पायरीला अडखळला. दुकानदार म्हणतो, "अंकल, संभल के." लाज वाटली. मग गल्लीतून परत येताना मागून एक पोरगी ओरडत आली, हातात एक चप्पल. बबनची डावी चप्पल! मागे कुठेतरी पायातून निसटली आणि हा गृहस्थ मोजे घालून, चिखलातून, वीस पावलं तसाच चालत आला. पत्ता नाही.

"अहो, पायात चप्पल नाही हे कळत नाही तुम्हाला?" मी म्हटलं. चार लोकांत म्हटलं, तसंच म्हणायला हवं होतं.

तो म्हणाला, "विचारात होतो."

कसला विचार? देशाचा?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज तेल भरलं आणि नळीतली हवा काढली. याला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली पडून नळीचं तोंड उघडायचं, बुडबुडे बाहेर, तोंड बंद, पेडल सोडा. असं पन्नास वेळा. मिस्त्री खाली जाणार हे उघड होतं. मी बबनला म्हटलं, "बसा."

"माझी कंबर धरलीये," तो म्हणाला.

सकाळी धरली नव्हती. काम निघालं की कंबर धरते. मी साडी खोचली आणि स्वतः बसले. किती खाली बसावं लागतं त्या गाडीत! रस्त्यावर बसल्यासारखं.

"दबाइए बहनजी... रोकिए... छोड़िए." दोन तास. डावी मांडी भरून आली. पण पंचवीस-तीस वेळा झाल्यावर पायाखाली काहीतरी जागं झालं. आधी पोकळ लागणारं पेडल हळूहळू पायाला उत्तर द्यायला लागलं. दाबलं की ढकलतं, सोडलं की वर येतं. मला आवडलं, हे इथे खासगीत लिहिते.

शेवटी घट्ट झालं. इंजिन सुरू, पेडल तळाला, गिअर टाकला. कर्र! दात खाल्ल्यासारखा आवाज. गिअर पडेना.

"तुमच्या मिस्त्रीला काही येत नाही," मी बबनला म्हटलं. बबन म्हणाला, "आवाज ऐक. प्लेट चिकटलीये." स्टुलावर बसून निदान. याहून सोपी नोकरी कुठली?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्रभर वाटत होतं की याचं निदान चुकावं. चुकलं नाही.

मी माझी ऑफिसची स्टीलची पट्टी काढली. पेडल दाबल्यावर पुंगळीचा दांडा किती सरकतो ते मोजलं. पुरेपूर सरकतो. म्हणजे तेल, रबर, नळी सगळं पास. मग इंजिन बंद ठेवून गिअरमध्ये टाकली, मी पेडल तळाला धरलं आणि मिस्त्रीने मागून ढकललं. क्लच सुटला असता तर गाडी पुढे गेली असती. हलली नाही. म्हणजे पाच पावसाळ्यांच्या ओलीने क्लचची प्लेट इंजिनाच्या चाकाला गंजून चिकटली आहे. पेडल कितीही दाबा, आत काही सुटत नाही.

मिस्त्रीने बाजूचं झाकण काढून बॅटरीच्या उजेडात आत बघितलं. "बहनजी, प्लेट छुड़ानेवाला काँटा अपनी जगह पर है. प्लेट घिसी ही नहीं. जिस दिन खड़ी हुई, उस दिन इस क्लच में कोई खराबी नहीं थी. सब खड़े-खड़े हुआ है."

बबन उठून आत गेला. जाणारच. कारखान्यात तेहतीस वर्षं इंजिनीयर म्हणून काढली आणि चांगला क्लच कुठला, खराब कुठला, हे कळलं नाही. अपमान झाला असेल.

आता दोन मार्ग. गिअरबॉक्स उतरवणं, किंवा मिस्त्रीचा देशी उपाय. काठीने पेडल दाबून ठेवायचं, इंजिन गरम करायचं, गाडी गिअरमध्येच सुरू करायची आणि मोकळ्या रस्त्यावर झटके देत चालवायची. झटक्यांनी प्लेट सुटते. "सौ में सत्तर बार," म्हणाला. पण चालवणार कोण? त्याचा डोळा अजून पक्का नाही. मी अशी गाडी चालवणार नाही, जी थांबवायची तर इंजिन बंद करावं लागतं.

"मी चालवतो," आतून बबन म्हणाला.

ज्याला काल पेडलवर पाय ठेवायला कंबर आडवी येत होती, तो! रविवारी सकाळी काय फजिती होते ते बघू म्हटलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते झालं तसं लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी सहाला, इकडे लोडर म्हणतात त्या छोट्या ट्रकवर चढवून गाडी कुर्सी रोडच्या पलीकडे नेली. तिथे एका बिल्डरने रस्ते केलेत, घरं व्हायची आहेत. सरळ, रुंद, रिकामे रस्ते. थोडं धुकं. मिस्त्रीने झाडूचा दांडा कापून पेडल आणि सीट यांच्यामध्ये ठोकून बसवला. बबन बसला. बसताना डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, कोपऱ्यात, सामान ठेवतात तसा. मला वाटलं, कंबर. मी शेजारी बसले, कारण कुणीतरी किंचाळायला हवं होतं.

गिअर टाकला, किल्ली फिरवली. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि इंजिन पेटलं. मी किंचाळले. बबन नाही. त्याने पहिल्यातून दुसरा गिअर काढला, क्लचशिवाय, नुसता इंजिनाचा सूर ऐकून, बरोबर क्षणाला. कर्र नाही, काही नाही. मग उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला, सोडला. प्रत्येक वेळी मान पुढे, मान मागे. रस्त्याच्या टोकाला वळवली, परत आणली. चार फेऱ्या झाल्या. मिस्त्री कडेला उभा राहून हात हलवत होता, लग्नाच्या वरातीत हलवतात तसे.

मी बबनकडे बघितलं. दहा वर्षांपूर्वीचा माणूस बसला होता शेजारी. छाती पुढे, ओठांचा चंबू, शीळ घालायच्या बेतात. मनात आलं, हे येत होतं तर साडेचार वर्षं काय केलं या माणसाने? राग आला. खरं सांगते, रागच आला.

सहाव्या फेरीला खालून ठण्ण आवाज झाला. इंजिन एकदम मोकळं होऊन गरजलं आणि गाडी नुसती घरंगळत राहिली. प्लेट सुटली. मिस्त्री 'वाह! वाह!' करत धावत आला. मी टाळ्या वाजवल्या, वाजवल्या गेल्या.

बबनने ब्रेक मारला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला.

मिस्त्रीने काठी काढली. पेडल दाबून बघितलं, गिअर लोण्यासारखा पडला. "लीजिए इंजीनियर साहब, अब शान से घर ले चलिए."

"नाही," बबन मला म्हणाला. "क्लच अजून जड आहे. तूच घे."

माझं डोकं फिरलं. "जड? काय जड? आत्ता तो माणूस एका हाताने दाबून दाखवतोय! तुम्हाला काही करायचंच नसतं. बाहेर या, मी बघते." मी त्याला उतरवलं, स्वतः बसले, दाबलं. माझ्या शिवणयंत्राचं पेडल याहून जड असेल. "या इकडे. बसा. माझ्यासमोर दाबा आणि सांगा कुठे जड आहे."

तो बसला. डाव्या गुडघ्याखाली हात घातला, पाय उचलला आणि पेडलवर ठेवला. दाबायला गेला. घोटा आतल्या बाजूला दुमडला आणि बूट पेडलवरून घसरून खाली पडला. तो समोर बघत होता. पाय घसरला हे त्याला माझ्या तोंडाकडे बघून कळलं.

पुन्हा हाताने उचलून ठेवला. पुन्हा घसरला.

मिस्त्री लांब जाऊन पाठमोरा दोरी गुंडाळत बसला होता. गुंडाळलेली दोरी सोडून परत गुंडाळत होता. त्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. आल्या आल्या स्वतःचं स्टूल त्याने उगाच दिलं नव्हतं.

घरापर्यंत गाडी मी चालवली. तीन वेळा बंद पाडली, एकदा मुंशी पुलियाच्या चौकात, मागे हॉर्नचा गोंधळ. बबन एरवी माझ्या चालवण्यावर बोलतो. आज दोन्ही हात डाव्या गुडघ्यावर ठेवून बसला होता.

२५ नोव्हेंबर, सोमवार

काल दुपारी विचारलं. त्याने सांगितलं. सहा वर्षं झाली. आधी चपला निसटायला लागल्या. मग पाय कुठे पडतोय ते बघितल्याशिवाय कळेना. २०२०च्या मार्चमध्ये मुंशी पुलियाला सिग्नलवर उभा होता, पाय क्लचवर आहे असं समजून. पाय क्लचवर नव्हता. गाडीने उडी मारली. समोर पेरूचा ठेला आणि ठेल्याची बाई. एका हाताच्या अंतरावर थांबली. तो घरी आला आणि मला म्हणाला, क्लच जड झालाय.

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"अण्णांचंच आहे हे. मी ओळखलं. डॉक्टर काय सांगणार?"

अण्णा म्हणजे माझे सासरे, अकोल्याला नगरपालिकेच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. मी लग्न होऊन गेले तेव्हा ते घरीच होते. पाय आपटत, फेंगडत चालायचे. पिऊन टँकर चालवतात म्हणून कामावरून काढलं होतं, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

"अण्णांनी थेंबाला हात लावला नाही कधी," बबन म्हणाला. "पण चाल तशी होती ना. साहेबापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं. मरेपर्यंत माणूस दारुड्या म्हणून जगला. तूसुद्धा लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात मला विचारलंस, तुमचे वडील घेतात का म्हणून."

मला आठवत नाही. विचारलं असणार. मी विचारते तसं.

"मला सांगायचं ना, अहो."

"काय सांगायचं? तू मला आळशी म्हणायचीस. ते बरं होतं शैला. आळशी माणसाला वाटलं तर तो उद्या उठू शकतो."

मी भाजी चिरत होते. चिरत राहिले. किती चिरली ते नंतर बघितलं, चार दिवस पुरेल एवढी.

एकतीस वर्षं मी लांबून रबर बघून सांगायचे, कुठे भेग जाणार. या घरात सहा वर्षं पाय घासल्याचा आवाज येत होता आणि मी चपलांना शिव्या देत होते.

३ डिसेंबर, मंगळवार

मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या मज्जातंतू विभागात दोन दिवस गेले. पायात सुया टोचून वीज सोडून तपासणी केली. तरुण डॉक्टरीण होती, नीट समजावलं तिने. मला तिच्यात खोट काढता आली नाही. नसांचा आजार आहे, वडिलांकडून मुलाकडे येतो. हळूहळू वाढतो. जिवाला धोका नाही. औषध नाही, पण व्यायाम आहे आणि बुटात घालायची प्लॅस्टिकची पट्टी आहे, तिने पाऊल उचललेलं राहतं. "पहले आते तो गिरने से बचते," म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली की काय, मला वाटलं.

मग तिने विचारलं, "बच्चे?"

बाहेर आल्यावर आम्ही दोघं बाकावर बसलो. राजरत्न गुरुग्रामला असतो, एकतीस वर्षांचा. मराठी कळतं, उत्तर हिंदीत. हा आजार असला की चवडे उचलून टाचांवर चालता येत नाही, असं डॉक्टरिणीने सांगितलं होतं. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला.

"अरे, टाचांवर चालून दाखव."

"क्या? मम्मी, ऑफिस की मीटिंग है."

"चवडे वर उचल आणि टाचांवर चाल. कपाटापर्यंत. फोन खाली ठेव, पाय दिसले पाहिजेत."

तो वैतागला, पण माझा आवाज ओळखतो. फोन जमिनीवर ठेवला. आम्ही दोघं त्या एवढ्याशा पडद्याला डोळे लावून बसलो. मोज्यातले दोन पाय. चवडे वर. टाचा टक टक टक, कपाटापर्यंत, कपाटापासून परत. दोन्ही चवडे वरच. बबनने माझं मनगट धरलं होतं, सोडल्यावर बोटांचे ठसे दिसत होते.

"हो गया? अब बताओगे क्या हुआ?"

बबनने फोन घेतला आणि त्याला सगळं सांगितलं. अण्णांचं सुद्धा. मी स्वयंपाकघरात गेले. राजरत्न पुढच्या आठवड्यात रक्ताची तपासणी करून घेणार आहे. दिसत नाही म्हणजे नाहीच असं नव्हे, डॉक्टरीण म्हणाली होती. पण आज रात्री मी एवढ्यावर झोपणार आहे.

८ डिसेंबर, रविवार

मी म्हटलं होतं, गाडी विकू नका. मिस्त्री म्हणतो क्लच हाताने दाबायचा दांडा बसवता येतो, अपंगांच्या गाड्यांना बसवतात. कागदपत्रं मी केली असती. रेल्वेत नोकरी केलेल्या बाईला फॉर्म भरायची भीती नसते.

बबन म्हणाला, "नको. त्या दिवशी चालवली मी. तशीच आठवणीत राहू दे."

मी खूप बोलले. एकदाही आवाज चढवला नाही. तो ऐकेना.

सौरभ आला. गुळगुळीत दाढी, चकाकते बूट, वय अठ्ठावीस, स्वतःवर फार खूश. गल्लीत एक चक्कर मारून आला. "काकू, क्लच एकदम लोणी आहे!"

"आहेच," मी म्हटलं. "पन्नास वेळा मी दाबलाय तो."

बबनने त्याला चाव्या दिल्या आणि सांगितलं, "पोस्टिंगवर जाशील तेव्हाही कुणाला तरी सांगून ठेव. आठवड्यातून एकदा सुरू करायची, दहा-वीस वेळा क्लच दाबायचा. उभी ठेवू नकोस." मुलगा 'येस सर' म्हणाला. त्याला वाटलं गाडीबद्दलच चाललंय. असेलही.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही फाटकात उभे होतो. मग बबन म्हणाला, "गवंड्याला उद्या बोलाव."

११ डिसेंबर, बुधवार

गवंडी आला. गॅरेजची फरशी उकरली. निरुपयोगी माणूस आहे, पण ते असो.

दुपारी बबन म्हणाला, "शैला, तुझं काय चाललंय?"

"काय?"

"पंधरा दिवस झाले तू मला एक वाकडा शब्द बोलली नाहीस. पाणी हवं का, चहा हवा का, बसता का. नर्ससारखी. मला मेल्यासारखं वाटतंय."

मी त्याला चहा हवा का विचारणार होते, जीभ चावली आणि उकरलेली फरशी बघायला गॅरेजमध्ये गेले.

१४ डिसेंबर, शनिवार

पट्टी आली. तिच्यासाठी एक माप मोठे बूट घ्यावे लागले. बबनने जाऊन कुठले आणले, तर पोपटी नाड्यांचे, पांढरेशुभ्र, कॉलेजच्या पोरांचे. मी बघितलं आणि गप्प बसले.

सकाळी सातला पार्कमध्ये फिरायला गेलो. पट्टीने पाय बराच उचलला जातो, पण चाल सवयीची आहे, लगेच सरळ होत नाही. दुसऱ्या वळणावर कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष उभे होते. मफलर, माकडटोपी, भोवती तीन-चार चमचे. हे गृहस्थ पार्कात झाडं लावतात आणि झाडांपेक्षा मोठ्या पाट्या लावतात. बबनला बघून त्यांनी डोळा मारला आणि मोठ्याने म्हणाले, "भाईसाहब, सुबह-सुबह ही लगा ली?"

चमचे हसले. बबनही हसला, कसनुसा, मान खाली घालून, आणि पुढे चालायला लागला. ते हसणं त्याने कुणाकडून घेतलं होतं ते मला कळलं.

मी थांबले.

काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. डायरी उद्या राजरत्नच्या हाती पडायची. हिंदीत सुरुवात केली. मग हिंदी पुरेना, तेव्हा अकोल्याच्या मराठीवर आले, जिचा एक शब्दही त्यांना कळला नाही आणि अर्थ पूर्ण कळला. बबनला कुठला आजार आहे ते नाव घेऊन सांगितलं, तो आजार अकलेला होत नाही हेही सांगितलं. त्यांच्या पाट्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका एकेक करून मोजून दाखवल्या. माकडटोपीबद्दल बोलले. फिरणारे लोक थांबले, कुणीतरी कुत्र्याला उचलून घेतलं. अध्यक्ष 'भाभीजी, मज़ाक था, भाभीजी' करत मागे सरकत गेले आणि ओल्या वाफ्यात उतरले.

वळून बघते तर बबन बाकावर. मला वाटलं पडला. जवळ गेले. हा माणूस पोट धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी, तोंडातून आवाज फुटत नव्हता.

"हसता काय?" मी म्हटलं. "तुमच्यामुळे झालं हे सगळं. आणि हे बूट! साठी ओलांडलेल्या माणसाने असे बूट घातले तर लोक काहीही समजणारच. पोपट विकायला निघालेत की काय?"

तो आणखी हसला. मग नाकावरचा चष्मा काढून पुसला, माझ्या खांद्यावर हात ठेवून उठला.

"चल," म्हणाला, "अजून एक फेरी मारू. ते अजून तिथेच आहेत."